स्वप्नातून ‘बाहेर’ पडायचे, तर गजर पहाटेचा लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला सूक्ष्मदेहाच्या प्रवासावरचा लेख वाचला. आपण स्वप्नात आहोत हे झोपलेल्याला स्वप्न चालू असतानाच कळते, त्याला ल्युसिड ड्रीम किंवा सजग स्वप्न म्हणतात, आणि ॲस्ट्रल प्रोजेक्शनकडे, म्हणजे आपण देहाबाहेर पडल्याच्या अनुभवाकडे, जाणारा त्यातल्या त्यात भरवशाचा रस्ता तिथूनच निघतो, हे लेखकाचे म्हणणे बरोबर आहे. बिघडले आहे ते पुढचे. रात्री अकराला शवासनात पडा, भ्रूमध्यावर लक्ष ठेवा, ‘कंप’ येईपर्यंत थांबा आणि देहातून उठून बसा, एवढी कृती देऊन लेख मोकळा होतो. ती तशीच केली तर दमलेला माणूस दहा मिनिटांत घोरायला लागेल आणि न दमलेला दोन वाजेपर्यंत कूस बदलत राहील. सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या विषयाच्या वर्गांच्या जाहिराती फिरतात, त्यांतही थोड्याफार फरकाने हेच असते. म्हणून या विषयाचा अभ्यास असलेल्या आम्हा काही ठाणेकरांचे हे जरा लांबलेले पत्र.

आधी वेळ. रात्रीची झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांनी पुढे सरकते. सुरुवातीच्या फेऱ्यांत गाढ झोपेचा वाटा मोठा असतो. ठसठशीत स्वप्ने जिच्यात पडतात ती आरईएम झोप पहिल्या फेरीत जेमतेम पाच-दहा मिनिटे टिकते आणि पहाटेकडे लांबत जाऊन अर्ध्या तासाची किंवा त्याहूनही मोठी होते. तेव्हा अकराला झोपणाऱ्याने अकरालाच प्रयत्न करणे हा मुहूर्तच चुकीचा. त्याने चार-सव्वाचारला उठावे. झोप लागल्यापासून पाच तास हे माप धरायचे, मग झोपायची वेळ कोणतीही असो. उठल्यावर वीस ते चाळीस मिनिटे जागे राहायचे आणि पुन्हा अंथरुणावर पडायचे. या वेळात मोबाइल उघडायचा नाही. मंद दिव्यात स्वप्नांची वही चाळावी, घोटभर पाणी प्यावे, लघवीला जाऊन यावे. चहा नको. पाच मिनिटांत आटोपलेत तर डोके पुरेसे जागे होत नाही आणि स्वप्नात सजगता येत नाही. तासभर बसलात तर झोप उडते, तेवढ्यात सोसायटीचा पंप सुरू होतो, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या लागतात आणि प्रयोग तिथेच बारगळतो.

हा प्रकार शनिवारच्या रात्रीसाठीच ठेवावा. रविवारी आठपर्यंत लोळता आले, तरच एकूण झोप सात तासांच्या खाली जात नाही. सहाची लोकल पकडणाऱ्याने आठवड्याच्या मधल्या वारी पहाटे चारचा गजर लावला, तर कळव्याच्या आधीच उभ्याउभ्या डुलकी लागेल. ऐरोली-महापेला रात्रपाळी करणाऱ्यांनी पाळीच्या आठवड्यात या वाटेला जाऊच नये, त्यांची झोप आधीच तुटकी असते.

गजर लावण्याआधी दोन-तीन आठवडे नुसती वही भरायची. सकाळी जाग आली की हलायचे नाही, डोळे उघडायचे नाहीत. शेवटचे दृश्य धरून मागेमागे जायचे, मग दोन-चार शब्द टिपायचे. रोज निदान एक स्वप्न आठवू लागले की पाने उलटून बघा, काही गोष्टी परत परत येताना दिसतील: चुकलेली गाडी, भलत्याच मजल्यावर थांबणारी लिफ्ट, अभ्यास न करता गाठलेले परीक्षेचे केंद्र, विकून टाकलेले जुने घर. या आपल्या खुणा. ऑलिव्हर फॉक्स या टोपणनावाने लिहिणारा इंग्रज अभ्यासक १९०२ साली स्वप्नात आपल्या घराबाहेरच्या फुटपाथवर उभा होता. तिथल्या आयताकृती फरशांची लांब बाजू रातोरात फिरून रस्त्याच्या कडेला समांतर झालेली त्याला दिसली आणि त्यावरून हे स्वप्न आहे हे त्याने ओळखले. पुढे १९२० मध्ये त्याने सजग स्वप्नातून देहाबाहेर जाण्याविषयी लिहिले. या वाटेचे आजचे बहुतेक वर्णन त्याच्यापासून सुरू होते. आपल्याकडे पेव्हर ब्लॉक दर पावसाळ्यानंतर जागेपणीच फिरलेले असतात, तेव्हा ती खूण ठाण्यात चालायची नाही.

चालतील अशा खातरजमा दोन. नाक चिमटीत घट्ट धरून, तोंड मिटून श्वास घेऊन बघायचा. स्वप्नात तो बहुतेक वेळा आरामात आत जातो. दुसरी वाचनाची: स्टेशनच्या इंडिकेटरवरची वेळ वाचा, नजर काढा, पुन्हा वाचा. स्वप्नात अक्षरे आणि आकडे सहसा जागचे राहत नाहीत. ८.१२ ची गाडी दुसऱ्या नजरेला ८.७५ ची होते. दिवसातून आठ-दहा वेळा हे करावे. फसते ते इथे की माणूस नाक धरतो पण मनात प्रश्न नसतो. यांत्रिकपणे नाक दाबण्याची सवय स्वप्नातही यांत्रिकच उतरते, आणि श्वास आत गेला तरी काही खटकत नाही. प्रत्येक वेळी दहा सेकंद थांबून ‘मी इथे आलो कसा, याआधी कुठे होतो?’ हे खरोखर आठवायचे. स्वप्नात या प्रश्नाला उत्तर नसते.

पहाटे पुन्हा पडल्यावर काय करायचे ते अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीफन लाबर्ज यांनी १९८० च्या सुमारास बसवून दिले. नुकतेच पडलेले स्वप्न आठवायचे, त्यातली आपली खूण निवडायची, त्या खुणेपाशी आपण ‘अरे, हे स्वप्न आहे’ म्हणून थबकलो असे चित्र डोळ्यांपुढे आणायचे आणि ‘पुढच्या स्वप्नात ते स्वप्न आहे हे मला कळेल’ हा संकल्प झोप लागेपर्यंत सोडायचा नाही. ऑस्ट्रेलियात डेन्होम ॲस्पी यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे दिसले की ही कृती संपवून पाच मिनिटांच्या आत ज्यांना झोप लागली, त्यांना जवळजवळ ४६ टक्के वेळा सजग स्वप्न पडले. तेव्हा संकल्पाचे वाक्य जपासारखे दात-ओठ खाऊन म्हणायचे नाही. झोप येऊ द्यायची.

आता दाराचा, म्हणजे स्वप्नातून देहाबाहेर पडण्याचा भाग, जो लेखात मुळीच नाही. स्वप्नात सजगता आली की नवख्याला आनंदाने उडी मारावीशी वाटते आणि त्या उत्साहातच जाग येते. पहिली दोन मिनिटे फक्त स्वप्न टिकवण्यात घालवा. स्वप्नातले हात एकमेकांवर चोळा, भिंतीचा खरखरीतपणा चाचपा, नजर एका वस्तूवर खिळवू नका, फिरती ठेवा. दृश्य फिके पडू लागले तर जागच्या जागी गिरकी घ्या. ते पक्के झाले की बाहेर पडण्याचे तीन मार्ग आहेत, आणि ते सारख्या भरवशाचे नाहीत.

पहिला, सगळ्यांत सोपा वाटणारा, दरवाजाचा. ‘या दारापलीकडे माझी झोपायची खोली आहे आणि तिथे माझा देह पडला आहे’ असे ठरवून दार उघडायचे. खोली दिसतेही, पण पुष्कळदा ते त्याच स्वप्नाचे पुढचे दृश्य असते. कपाट भलत्या भिंतीला, पंख्याला पाच पाती. दुसरा मार्ग पाठीवर पडण्याचा. स्वप्नात उभे असताना हात सैल सोडून सरळ मागे झोकून द्यायचे. जमीन लागत नाही, पोटात खड्डा पडल्यासारखे होते आणि दृश्य काळे होऊन आपण अंथरुणात असल्याची जाणीव येते. तिसरा, जो आम्हाला सर्वांत खात्रीचा वाटतो, तो स्वप्न आपण होऊन विझू देण्याचा. डोळे मिटल्यासारखे करायचे, दृश्याचा पाठपुरावा सोडायचा आणि काळोखात स्थिर राहायचे.

दुसऱ्या-तिसऱ्या मार्गाने आलेला हा काळोखाचा क्षण सगळ्यात महत्त्वाचा. एक बोटसुद्धा हलवायचे नाही, आवंढा गिळायचा नाही, डोळे उघडायचे नाहीत. कानात गुणगुण किंवा घरघर येईल, अंगातून मुंग्यांसारखी लहर जाईल. हाच तो ‘कंप’. तो आला तर ठीक, न आला तरी अडत नाही. त्याची वाट बघत बसणे ही नवख्यांची नेहमीची चूक. पाच-दहा सेकंदांत कुशीवर लोळून पलंगावरून खाली उतरल्याची हालचाल करायची, पण स्नायूंनी नव्हे. ‘मी लोळतोय’ असे चित्र बघायचे नाही, लोळण्याची संवेदना आणायची. चित्र बघितले की दुसरे स्वप्न सुरू होते, आणि स्नायू लावले की खरा खांदा हलून जाग येते. या दोहोंच्या मधली ती बारीक फट सापडायलाच महिने जातात. लोळणे जमत नसेल तर वरून लोंबणारा दोर हातावर हात टाकत ओढण्याची संवेदना आणून बघा.

सजग स्वप्न न पडताही याचा उपयोग होतो. पहाटे कोणत्याही स्वप्नातून जाग आली आणि अंग हललेले नसेल, तर तोच काळोखाचा क्षण आयता मिळालेला असतो.

बाहेर पडल्यावर सुरुवातीला दिसते अंधुक. ‘उजेड पाहिजे’ म्हणून दिव्याचे बटण दाबू नका, ते सहसा लागत नाही आणि मन विचलित होते. हाताने चाचपत खोलीच्या दारापर्यंत जा. अंथरुणाजवळ घोटाळले की परत ओढले जातो, असा जुन्या सराव करणाऱ्यांचा अनुभव आहे. काय करायचे ते एकच काम झोपण्याआधी ठरवलेले असावे. परत यायची चिंता नको, आरईएमची फेरी संपली की आपोआप जाग येते. लवकर यायचे असेल तर पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न करा.

हे सगळे घडते कशामुळे? आरईएम झोपेत ग्लायसीन आणि गाबा ही रसायने स्नायू चालवणाऱ्या चेतापेशींना थोपवून धरतात, म्हणून स्वप्नात धावताना आपण पलंगावरून पडत नाही. डोळ्यांचे स्नायू आणि श्वासपटल तेवढे मोकळे असतात. हातपाय कुठे आहेत याची खबर मेंदूला एरवी सांधे, त्वचा आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाकडून मिळत असते. ती क्षीण झाली की मेंदू स्वतःच्या अंदाजाने देह उभा करतो, आणि तो अंदाजाचा देह पलंगाच्या वर, बाजूला, कुठेही असू शकतो. जिनिव्हात ओलाफ ब्लांके आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अपस्माराच्या एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूच्या उजव्या बाजूला, कानाच्या वर-मागे असलेल्या भागाला सौम्य विद्युतप्रवाह दिला, तेव्हा तिला वरून पाहिल्यासारखा आपलाच देह खाली पलंगावर पडलेला दिसला. मात्र दिसले ते पाय आणि कमरेकडचा भाग, बाकी काही नाही.

यातूनच लोक ज्याला सर्वाधिक भितात तेही समजते. डोके जागे झाले आणि स्नायूंची कुलुपे अजून उघडली नाहीत, की छातीवर कुणी बसल्यासारखे वाटते, खोलीत कुणीतरी उभे आहे अशी खात्री होते, ओरडावे तर आवाज फुटत नाही. हे स्लीप पॅरालिसिस. काही सेकंद, फार तर काही मिनिटे. धडपडले की श्वास कोंडल्याची भावना वाढते; शांतपणे उच्छ्वास लांबवला आणि पायाची बोटे हलवत राहिले की सुटते. उताणे झोपणाऱ्यांत हे जास्त आढळते, त्यामुळे नवख्याला शवासन सांगणे म्हणजे त्याला पहिल्याच रात्री घाबरवणे. त्याने कुशीवर झोपावे. ज्याला ही अवस्था ओळखीची झाली आहे आणि भीती वाटत नाही, त्याने उताणे झोपायला हरकत नाही, कारण बाहेर पडायला तीच अवस्था उपयोगी पडते.

खरा धोका दुसराच आहे आणि त्याबद्दल लेखात एक ओळही नाही. खोटी जाग. माणसाला वाटते आपण उठलो, ब्रश केला, बाल्कनीत आलो, आणि तो अजून झोपेतच असतो. वारंवार असे झाले की उलटा घोळ होऊ शकतो: खरोखर जागा असताना ‘हे स्वप्नच आहे’ असे वाटणे. घोडबंदर रोडवरच्या बाविसाव्या मजल्यावर राहणाऱ्याने याचा विचार करावा. स्वप्न की जाग हे ठरवण्यासाठी उडी मारून, कठड्यावर चढून, गॅस पेटवून कधीही बघायचे नाही. नाक आणि घड्याळ, याच दोन परीक्षा, आणि दोन्ही जुळल्याशिवाय काही करायचे नाही. प्रयोगाच्या रात्री बाल्कनीच्या दाराला आतून वरची कडी घालावी.

परत येताना सूक्ष्मदेहाला देहाशी बांधून ठेवणारा ‘रुपेरी दोर’ तुटला तर, हा प्रश्न प्रत्येक वर्गात निघतो. सिल्व्हन मल्डून या अमेरिकन माणसाने १९२९ मध्ये त्या दोराचे बारीक वर्णन केले. ते वाचलेल्यांना तो दिसतो, न वाचलेल्यांपैकी पुष्कळांना दिसत नाही. झोपलेल्याला एकदम उठवू नये ही भीती मात्र पाश्चात्त्यांकडून आलेली नाही. बृहदारण्यक उपनिषदात, चौथ्या अध्यायाच्या तिसऱ्या ब्राह्मणात, प्राणाला देहरूपी घरट्याची राखण करायला ठेवून पुरुष, म्हणजे आत्मा, बाहेर हिंडतो असे सांगितले आहे, आणि ‘तं नायतं बोधयेत्’, त्याला अचानक उठवू नये, हेही तिथेच आहे. त्याच ठिकाणी स्वप्नात रथ नसतात, घोडे नसतात, रस्ते नसतात, तो ते निर्माण करतो, असेही म्हटले आहे. लेखकाने पतंजलींचा दाखला दिला, पण योगसूत्राच्या पहिल्या पादातले ३८ वे सूत्र स्वप्न आणि निद्रा यांच्या ज्ञानाचा आधार चित्त स्थिर करायला घ्या, एवढेच सांगते. त्यात बाहेर पडण्याची कृती नाही.

मग माणूस खरोखर बाहेर जातो का? सजग स्वप्नाला पुरावा आहे. १९७५ मध्ये इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांच्या प्रयोगात ॲलन वर्स्ली यांनी झोपेतून, आधी ठरल्याप्रमाणे डोळे डावी-उजवीकडे फिरवून खूण दिली. डोळे मोकळे असतात म्हणून हे शक्य झाले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चार देशांतल्या प्रयोगांत झोपलेल्याला ‘आठ वजा सहा’ विचारले आणि त्याने डोळ्यांनी ‘दोन’ असे उत्तर दिले. देहाबाहेर जाण्याला असा पुरावा नाही. चार्ल्स टार्ट यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका तरुणीने फळीवरचा २५१३२ हा आकडा बरोबर सांगितला, पण तिच्यावर सतत नजर नव्हती आणि आकड्याचे प्रतिबिंब दिसण्याची शक्यता पुरती काढता आली नाही. टीकाकारांनी नेमके तिथेच बोट ठेवले आहे.

घरी तपासायचे तर असे. घरातल्या दुसऱ्या माणसाने बावन्न पत्ते पिसून, न बघता एक ओढून, तो उताणा करून माळ्यावर किंवा उंच कपाटावर ठेवावा. समोर आरसा किंवा काचेचे कपाट नको. बाहेर पडलेल्याने तो दोनदा वाचावा, जाग आल्यावर आधी वहीत लिहावा, मगच स्टूल लावून बघावे. निव्वळ अंदाजाने बावन्नात एकदा जमते. न दिसलेल्या रात्रीही टिपायच्या, पत्ता दर वेळी बदलायचा. दुसऱ्या वाचनाला बदामची सत्ती चौकटची नव्वी झाली, तर कपाटावर काय आहे ते बघायची गरजच उरत नाही. वर्गाची फी भरण्याआधी चालकांना हा प्रयोग हॉलमध्ये मांडू द्याल का, एवढे जरूर विचारावे.

अखेरची बाब सजग स्वप्न पडावे म्हणून घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांची, कारण त्यांचीही चर्चा होते. गॅलँटामाइनवरच्या २०१८ मधल्या लाबर्ज आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात १२१ जण होते. नुसती बनावट गोळी घेतलेल्या रात्री १४ टक्के, ४ मिलिग्रॅमला २७ टक्के आणि ८ मिलिग्रॅमला ४२ टक्के जणांना सजग स्वप्न पडले. परिणाम खराच आहे. पण हे अल्झायमरच्या रुग्णांना डॉक्टर लिहून देतात ते औषध आहे. मळमळ, उलट्या होतात, हृदयाचे ठोके मंदावतात. दमा, हृदयविकार, अल्सर असलेल्याने परस्पर घेतले तर महागात पडेल. कुणी वर्गात सुट्या गोळ्या दिल्या तर घेऊ नयेत. भ्रम, बायपोलर किंवा अपस्मार असणाऱ्यांनी, ‘मी माझ्याच शरीरात नाही’ असे दिवसाही वाटणाऱ्यांनी आणि शाळकरी मुलांनी हा सराव करू नये. हसताना गुडघे लुळे पडणे, दिवसा अनावर झोप येणे आणि वरचेवर स्लीप पॅरालिसिस हे एकत्र असेल तर न्यूरॉलॉजिस्टला दाखवावे. स्वप्न आणि जाग यांची सरमिसळ दोन-तीन दिवस टिकली तर गजर बंद करून पुरेशी झोप घ्यावी, आणि तरीही ती गेली नाही तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. तिथे मराठीत बोलता येते.

आपले,
काही वाचक, नौपाडा, ठाणे